डावीकडे गाडी थांबवून विचारलेला प्रश्न

श्रीनिवास बोरकरला आमच्या इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात पाठीमागे सगळे 'ड्रायव्हर' म्हणायचे. त्यात मी सगळ्यात पुढे होतो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? सोलापूरचा इंजिनिअर. इथे येऊन बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि नोकरी गेल्यावर दुसरी शोधायची सोडून या पठ्ठ्यानं ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरची परीक्षा दिली. गणपतीची आरती झाली की मी विचारायचो, "काय बोरकर, आज किती जणांनी गाडी फुटपाथवर चढवली?" तो हसायचा. "दोघांनी," म्हणायचा, "पण दोघंही मिरर बघून चढले."

कधी आवाज चढवायचा नाही. पोरगं चुकलं की एवढंच म्हणायचा, "ठीक आहे. आता तुला काय दिसलं नाही, ते सांग." मंडळातल्या निम्म्या पोरांना त्यानंच लायसन्स मिळवून दिलं. मागच्या वर्षी तो कुठल्याशा अर्ध्या दिवसाच्या कोर्सला जाऊन आला. तरुण मुलांच्या मनात मरणाचे विचार असतील तर ते ओळखायचे कसे आणि त्याबद्दल विचारायचं कसं, असा काहीतरी तो कोर्स होता. मी चारचौघांत म्हणालो, "अहो, गिअर शिकवा. मनाचं बॉनेट कशाला उघडताय?" लोक खो खो हसले. त्या विनोदावर मी आठवडाभर खूश होतो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी तो आमच्या दारात उभा राहिला. शेजारी माझी मुलगी चैत्राली. वय सतरा, ए-लेव्हलचं, म्हणजे आपल्याकडच्या बारावीचं वर्ष, मार्क उत्तम, आणि कसली तक्रार म्हणून नाही. त्याच्याकडचा तिचा ड्रायव्हिंगचा लेसन संपायला अजून अर्धा तास होता. मला वाटलं, गाडी ठोकली.

"शशिकांत, सीमावहिनी, जरा बसूया," बोरकर म्हणाला. "चैत्रालीला विचारून, तिच्यासमोरच सांगतोय. मी तिला आज विचारलं, तू सुइसाइडचा विचार करतेयस का. ती हो म्हणाली."

मला पहिला धक्का बसला तो तिच्या उत्तराचा नाही. त्याच्या प्रश्नाचा. खरं तेच सांगतो. आमच्याकडे घरात अभद्र बोलत नाहीत, वास्तू तथास्तु म्हणते असं मानतात. आणि हा माणूस माझ्या पोरीला, भर रस्त्यात, हे विचारतो? मी ओरडलो, "तुमच्या तोंडून निघालंच कसं? नाही ते तिच्या डोक्यात भरवलंत! चालते व्हा घरातून!"

तो हलला नाही. "मी भरवलं नाही. ते आधीच होतं. ती एकटी सांभाळत होती."

"बाबा, प्लीज शाउट नको करू," चैत्राली म्हणाली. "ऑक्टोबरपासून आहे. काकांनी फक्त विचारला."

ऑक्टोबर! म्हणजे दिवाळीत रांगोळी काढत होती तेव्हा. नाताळात माझ्याबरोबर पत्ते खेळून मला हरवत होती तेव्हा. सीमा तिला मिठी मारून जमिनीवरच बसली होती आणि मी खांबासारखा उभा. हातातला टीव्हीचा रिमोट कुठे ठेवायचा ते मला सुचेना.

बोरकरनंच १११ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला फोन लावून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडला आणि फोन चैत्रालीच्या हातात दिला. पलीकडच्या बाईनं पुढच्या काही तासांत काय करायचं, तिच्याजवळ कोणी थांबायचं, घरातलं काय काय बाजूला ठेवायचं, सगळं आम्हालाही सांगितलं. चैत्रालीचं बोलणं होईपर्यंत तो थांबला. मग गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्याला कळलं कसं, ते चैत्रालीनं नंतर सांगितलं. पाच महिने वाट बघून टेस्टची तारीख मिळाली होती. त्या शनिवारी गाडीत ती म्हणाली, "काका, माझा टेस्ट कॅन्सल करा, मला लागणार नाही." आणि नेहमी राउंडअबाउटला घाबरणारी ती, त्या दिवशी अगदी शांत चालवत होती. त्या शांतपणानंच तो हादरला. गाडी डावीकडे थांबवायला सांगून त्यानं इंजिन बंद करवलं.

मग डॉक्टर झाले, मुलांच्या मानसिक आरोग्याच्या टीममधली नर्स दर आठवड्याला भेटू लागली. तिनं आम्हाला बजावलं होतं, "स्पष्ट शब्दांत विचारत जा. विचारल्यानं धोका वाढत नाही." सीमा विचारू लागली. मला जमेना. "बरी आहेस ना?" यापुढे माझी गाडी जाईना. शेवटी लाज गिळून मी बोरकरला फोन केला.

"तुम्ही विचारलंत कसं?"

"समोर रस्त्याकडे बघत," तो म्हणाला. "माझा आवाज फाटला होता. आणि शशिकांत, तुमच्याकडून निघाल्यावर तासभर तुमच्याच दाराशी गाडीत बसून होतो. क्लचवर पाय ठरत नव्हता."

मी पडदासुद्धा बाजूला करून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चैत्राली स्वयंपाकघरात पोहे खात होती. मी ओट्याकडे बघत विचारलं, "चैत्राली, आज जीव द्यायचे विचार आले?" माझ्या तोंडून ते शब्द निघाले आणि घर जागच्या जागीच राहिलं.

तिनं चमचा खाली ठेवला. "सकाळी आले होते. आता कमी आहेत."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? मी इथेच होतो की!"

"तुला भीती वाटते ना बाबा," ती म्हणाली. "म्हणून मी तुला सांगत नव्हते."

सतरा वर्षांची पोर. एवढं सगळं अंगावर घेऊन, वर मलाही सांभाळत होती! मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "वाटते. तरी सांग. सकाळी किती वाजता आले?"