काशाची वाटी

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तळपायांची आग व्हायची. आम्ही तेव्हा अंकुशनगरला कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. ते उसाच्या वजनकाट्यावर कारकून होते. घरात सगळ्यांचं निदान एकच: उष्णता. औषधही एकच, काशाची वाटी. जेवणं झाली की मी त्यांच्या तळव्यांना तूप लावून वाटीनं घासत बसायचो. तूप काळंकुट्ट झालं की अण्णा पाय माझ्या तोंडासमोर धरायचे.

"बघ, केवढी निघू राह्यली!"

ते काळं काशातून येतं, पायातून नाही, हे मला कॉलेजात कळलं. सांगितलं तर म्हणाले, "मंग घासल्यावर बरं कसं वाटतं?" दवाखान्याचं नाव काढलं की, "उष्णतेसाठी डॉक्टरकडं जायाला मी काय साहेब हाय का?" सारखं लघवीला उठणं, तेही उष्णतेच्याच माथी. अशी चीड यायची! पण रोज घासत मीच होतो.

दोन-तीन वर्षांनी आग थांबली. आईनं देवापुढं साखर ठेवली. अण्णा शेजाऱ्यांना थांबवून सांगायचे, "बिलकुल जळत न्हाई आता. गादीवर चालल्यागत वाटतं." माझीही घासण्यातून सुटका झाली होती. चालता चालता त्यांची एक चप्पल मागं राहायची आणि ते तसेच पुढं जायचे. आम्ही हसायचो. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मग एकदा आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. अण्णांच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला होता, जखम सडली होती आणि हे खुशाल पेपर वाचत बसलेले. नवीन जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्याला टाचणी टोचली. "टोचा की," अण्णा म्हणाले. टोचून झालं होतं.

रक्तातली साखर वाढून नसा मेल्या होत्या. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "आग होत होती तेव्हाच आणायचं. थांबली तेव्हा तर पळत यायला पाहिजे होतं!"

अंगठा काढावा लागला. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो, तर अण्णा दुसरा तळपाय चोळत बसले होते.

"याच्यात परत थोडी आग व्हायलीय," ते म्हणाले. "उद्या येताना वाटी आण."

मी डबा तिथंच आदळला आणि डॉक्टरांना बोलवायला पळालो.