खुंटीवरच्या तीन पिशव्या

मी नेमकं काय काम करते, असं गावाकडे कोणी विचारलं की मी सांगायची, लोकांना प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरं लिहून घेते. पुण्यात याला डिझाइन रिसर्च म्हणतात. माझ्या आत्याने एकदा हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुला ते उत्तर आधीच ठाऊक आसलं तर?" मी खो खो हसले होते. आता तो प्रश्न आठवला की हसू येत नाही, स्वतःचाच राग येतो.

झालं असं, की बियाण्याच्या एका कंपनीला रिकाम्या पिशव्या परत घेणारी सेवा सुरू करायची होती. पेरणी झाली की प्लास्टिकच्या पिशव्या बांधावर पडतात, विहिरीत जातात, नाहीतर कोणीतरी त्या पेटवून देतो आणि गावभर घाण वास. त्यापेक्षा टेम्पो गावात येईल, पिशव्या घेईल, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या नावावर हिरवी पानं जमा होतील, पानं जमली की आंब्याचं रोप मिळेल. कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, बाईला नुसती कुरकुर करायची सवय आहे. सवय आहेच, पण कल्पना चांगली होती.

मी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूची, म्हणून गावोगाव फिरायचं काम माझ्याकडे आलं. भोकरदन, जाफराबाद, आतली खेडी. एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर जीपमध्ये अर्धं अंग बाहेर. घरोघरी एक गोष्ट दिसायची. ओसरीतल्या खुंटीला बियाण्याची रिकामी पिशवी, तोंडाला गाठ मारून टांगलेली. मी फोटो काढले आणि पाठवून दिले.

पुण्यात आमच्या ऑफिसात एक भिंत आहे. तिच्यावर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवतात आणि सगळे हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत उभे राहतात. आमच्या प्रमुख मॅडमनी माझा खुंटीचा फोटो मधोमध लावला, थोडा वेळ डोळे बारीक केले आणि खाली चिठ्ठी चिकटवली. ‘शेतकऱ्याचं पिशवीशी भावनिक नातं आहे.’

भावनिक नातं! अरे देवा!

ती पिशवी टांगतात, कारण बियाणं उगवलं नाही तर तिच्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो. आत टॅग असतो, दुकानाचं बिल असतं, मूठभर बी ठेवलेलं असतं. शेंगा भरेपर्यंत ती खुंटीवरून हलवायची नाही. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं? लहानपणी त्या पिशवीतले दाणे खेळायला घेतले म्हणून वडिलांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला होता, की आई मध्ये पडली. मला सगळं माहीत होतं. पण त्या दिवशी भिंतीसमोर टाळ्या वाजल्या, "काय फोटो काढलायस!" असं चौघांनी म्हटलं, आणि मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच्या रंगावरून भांडणं सुरू झाली. पान हिरवं की पोपटी, यावर तीन मीटिंगा. तीन! सांगायचं राहून गेलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले.

टेम्पोसाठी पहिलं गाव कोणतं, हे ठरवताना मीच आत्याचं गाव सुचवलं. ओळखीचं, रस्ता बरा, आणि आत्याचा शब्द गावात चालतो. आत्याचे यजमान, आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली. तीन एकर ती एकटी करते, आणि करते म्हणजे बांधावर उभी राहून नाही, स्वतः पेरते.

पेरणी होऊन चार दिवस झाले होते. टेम्पो आला, भोंग्यावर गाणं लागलं, मंडपात बायका जमल्या. मॅडम पांढरा कुर्ता घालून आल्या होत्या. त्या चिखलात कुर्ता पांढरा! पहिली पिशवी कोण देणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मी आत्याला घेऊन तिच्या घरी गेले. ती खुंटीसमोर थांबली.

"आगं, उगवून तर येऊ दे," ती म्हणाली. "मंग घेऊन जाय ना. आत्ताच काय जल्दी हाये?"

"दे ना आत्या. पहिला मान तुझा. फोटो येणार आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग एकात एक घातलेल्या तिन्ही पिशव्या काढल्या, दाणे झटकून डब्यात टाकले आणि माझ्या हातात दिल्या. बिल आतल्या कोपऱ्यात घडी होऊन चिकटलेलं होतं. ते तिलाही दिसलं नाही आणि मलाही. टेम्पोवाल्याने पिशव्या वजनकाट्यावर टाकल्या. वजन तेवढं अ‍ॅपमध्ये गेलं. पिशवीवरचा लॉट नंबर, म्हणजे बियाणं कोणत्या खेपेचं ते सांगणारा आकडा, लिहून घ्यायचा नाही, हे आम्हीच ठरवलं होतं. जितकं कमी विचाराल तितकं लोकांना सोपं जातं, म्हणे.

आठवड्याने आत्याचा फोन आला. आवाज बारीक होता. "न्हाई उगवलं गं. एका वळीत दोन झाडं, एका वळीत ते बी न्हाई. शेजारच्याचं बराबर उगवलंय."

मी पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. गाडीत बसूनच अ‍ॅप उघडलं आणि लिहिलं, पिशव्या परत पाहिजेत. उत्तर आलं, ‘तुम्ही तीन पिशव्या दिल्या. धरती हसली!’ शेजारी हसणारी धरती, गालावर खळी. मोबाइल खिडकीबाहेर भिरकावून द्यावा असं वाटलं. पण राग काढायचा कोणावर? ती वाक्यं मीच तपासून दिली होती. पिशवी परत मागायला येणारा माणूस आमच्या त्या भिंतीवर कुठे नव्हताच.

टेम्पो पिशव्या नेऊन टाकतो त्या नवीन जालन्यातल्या गोदामात गेले. तिथला माणूस मोठ्या अभिमानाने म्हणाला, "मॅडम, आपलं काम बिलकुल फास्ट. आला माल की दळून दाणा." मला प्लास्टिकच्या दाण्यांचा ढीग दाखवला. वर मूठभर घेऊन माझ्या तळहातावर ठेवले. छान आहेत म्हटलं.

बियाण्याचा दुकानदार म्हणाला, "त्या दिवशी चार लॉट विकले, ताई. पिशवीवरचा नंबर आना, मंग बिलाची नक्कल काढून देतो." पिशवी कुठून आणू, बाबा! तिकडे कृषी कचेरीतले साहेब चांगले होते, ते मुद्दाम शेतात आले, बांधावर उकिडवे बसून त्यांनी माती उकरून बघितली. "शेत मोकळं आहे हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण कोणत्या बियाण्याविरुद्ध लिहू, तेवढं सांगा." आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिने माझं नाव घेतलं नाही. "म्याच देऊन टाकल्या," एवढंच म्हणाली.

तिने एका शब्दाने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते. घरच्या डाळीसाठी ठेवलेली तूर तिने त्या रानात टाकली, आणि त्या वर्षी तिच्या दारात सोयाबीनचं एकही पोतं पडलं नाही.

ऑफिसात मी पहिल्यांदा आवाज चढवला. टेम्पो पेरणीनंतर नाही, काढणीनंतर जाईल, नाहीतर मी गावात पाय ठेवणार नाही. मॅडमनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. नुसती तारीख तर बदलायची." नुसती तारीख! एवढंच होतं ते.

पुढच्या वर्षी सेवा सगळीकडे बरी चालली. फक्त आत्याच्या गावातून एकही पिशवी आली नाही. का, ते विचारून या, म्हणून मलाच पाठवलं. दुसरं कोणाला पाठवणार?

दिवाळी होऊन गेली होती. आत्याच्या ओसरीत सोयाबीनची पोती रचलेली होती. तिने भाकरी केली, ठेचा केला, माझ्या पोराला म्हणून बोरं बांधून दिली. सगळं नेहमीसारखं. खुंटीवर तीन पिशव्या होत्या, गाठ मारलेल्या.

"आत्या, माल तर निघाला. आता काय कामाच्या या?"

"कामाच्या न्हाईत."

"मग?"

तिने चुलीत लाकूड सारलं. मी फोटो काढायला उठले आणि गाठ नीट दिसावी म्हणून हात पुढे केला. आत्या चुलीपुढून उठून मध्ये आली. रागावली नव्हती. लहान लेकराला समजवावं तशी म्हणाली, "त्याह्यला हात नको लावू, माय."

मी हात मागे घेतला. फॉर्म पुढे ओढला. गाव, शेतकरी, पिशव्या, सगळे रकाने भरले. शेवटचा रकाना होता, पिशवी न देण्याचं कारण. त्यात मी माझं नाव लिहिलं.