मिरजगावच्या डांबराखाली

रस्ता रुंद करताना जुन्या कबरी निघाल्या, त्यांना मी वाड्याचा पाया ठरवलं. मी शाळेत इतिहास शिकवतो.

जेसीबी चालवणारा माझा रोजच्या चहाचा सोबती. बकेट जमिनीला टेकवण्याआधी तो कानाच्या पाळीला हात लावायचा आणि दर वाक्याला "व्हय ना, सर?" विचारायचा. त्या सकाळी मशीन बंद करून त्याने मलाच बोलावलं.

"कोरीव दगडं समदी एकाच दिशेला हायेत. मान्सं पुरल्यात हितं. व्हय ना, सर?"

मी चष्मा पुसून ऐटीत म्हणालो, "छे रे, यादवांच्या काळातला पाया. चालू दे."

त्याने कानाला हात लावला आणि माझ्या शब्दावर चालवलं. कवटी वर आली, तोवर निम्म्या कबरी भरावात गेल्या होत्या. पुरातत्त्व खात्याची माणसं आली, उरलेल्यांचे फोटो काढून गेली. आता तिथे डांबर आहे.

काल त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. ती जागा येताच त्याने गाडी बंद केली, चपला काढून हँडलला अडकवल्या आणि तो ढकलायला उतरला. मी आपला बसूनच.

"उतरा सर," तो म्हणाला. "तुमचं ऐकून एकदा मान्सांवरनं गेलो, तेवढं बास झालं."