खाली काय आहे?

सानपाड्यातल्या आमच्या शेजारच्या मॅडम माती तपासणाऱ्या इंजिनियर आहेत. कुणाच्याही नव्या घरी गेल्या की पेढा तोंडात टाकायच्या आधी टाच आपटून विचारतात, "इथं भराव कसला घातलाय?" माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा म्हणाल्या, "मुलगा छान आहे हो, पण त्यांची बिल्डिंग खाडीवर आहे." लग्न झालं, पण माझी झोप गेली.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगला बिल्डर आला. आमची जुनी बिल्डिंग पाडून तो टॉवर बांधणार होता. त्या टॉवरची पितळेची भरीव प्रतिकृती त्यानं प्रत्येकाला वाटली.

"मातीचा रिपोर्ट?" मॅडमनी विचारलं.

"टेन्शन नको, मॅडम. खाली एकदम सॉलिड आहे."

मॅडम घरून टबभर ओली वाळू घेऊन आल्या. तिच्यावर टॉवर ऐटीत उभा केला आणि टबाला शांतपणे चापट्या मारू लागल्या. वाळू चकाकली, पाणी वर आलं आणि टॉवर तिरका होत आत गेला.

"भूकंपात सैल, ओली वाळू अशी पातळ होते. म्हणून आधी खोलवरची माती बघायची, मग पाया ठरवायचा."

मी वाकून पाहिलं. वाळू चौथ्या मजल्यापर्यंत आली होती. मला नवा फ्लॅट तिसऱ्यावर मिळणार होता. "आधी माती तपासा!" असं सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो.

पुढच्या आठवड्यात बिल्डरनं खणायचं मशीन आणलं. मॅडम शेजारी खुर्ची टाकून बसल्या. काळा चिखल वर आला तशी त्यांनी तो चिमटीत चोळला आणि मला हाक मारली, "अहो, या, बघा! किती वाईट आहे!"

आनंदानं त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.