तिच्या हाताची फळी

फळी काढायला तिला मी सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही. डॉक्टरांनी ती फळी कशासाठी दिली आहे हे मला माहीत होतं. ते तिला समजावून सांगत होते तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसलेलो होतो. तरी मी सांगितलं, आणि एकदाच सांगितलं असंही नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक आहे. धाराशिवच्या बसस्थानकावर खिडकीच्या मागं बसून गाड्या पुकारतो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, वाया गेलेल्या छापील कागदांच्या पाठीवर, मी एक कादंबरी लिहिली. फटाके तयार करणाऱ्या गावाची. तेरखेड्याला माझी मावशी होती. लहानपणी सुट्टीत तिच्याकडं गेलो की अंगणात बायका बसून सुतळी गुंडाळताना बघायचो. ते कधी डोक्यातून गेलं नाही. प्रकाशकांना पत्रं घातली, उत्तरं आली नाहीत. मग फंडातून पैसे उचलून सोलापूरला एका छापखान्यात स्वतःच छापून घेतली. गठ्ठे घरी आले आणि पलंगाखाली मावले नाहीत, म्हणून बायकोनं ते भिंतीकडेला रचून त्यांवर गव्हाची पोती ठेवली. म्हणाली, "चला, निदान गव्हाला ओल लागायची न्हाय."

खपवायचा प्रयत्न मी केला. सहकाऱ्यांना दाखवली. एक कंडक्टर म्हणाला, "साहेब, फुकट द्यायची तर द्या, पण वाचाय लावू नका." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

अशात ती खिडकीशी आली. तेरखेड्याची, पस्तिशीची बाई. उजवा हात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळीवर पट्ट्यांनी बांधलेला, बोटं सरळ ताठ. सोलापूरची गाडी लागली का विचारत होती. गाडीला उशीर होता, म्हणून मी आत खुर्ची दिली आणि हाताला काय झालं ते विचारलं. ती सुतळी गुंडाळणारीच निघाली. शेडमध्ये फटाक्यांची दारू पेटली, बाकीच्या बायका दाराकडं होत्या, ही आत. हात पुढं धरला म्हणून तोंड वाचलं. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं.

"मांडीचं कातडं काढून हाताला लावलंया साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर हात सारखा बसाय बघतोय. उठंना झालाय."

स्वतःच्या जळलेल्या हातावर असं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. नवरा पुण्याकडं राखणदारीवर, घरी म्हातारी सासू. काम बंद. दर पंधरा दिवसांनी सोलापूर. तिचं ऐकता ऐकता मला वाटलं, माझ्या कादंबरीतली बाई समोर येऊन बसली आहे. त्याच आठवड्यात ती सोलापूरहून परतताना मी तिला म्हणालो, "ताई, माझं एक पुस्तक आहे. जेवढ्या प्रती खपतील त्याची अर्धी किंमत तुमची."

"माजं नाव घिऊन पुस्तक इकणार व्हय?"

"नाव नाही घेणार."

"मंग चालतंय."

हे मी मनापासून बोललो होतो. पैसेही दिले, त्यात खोट नाही. खोट दुसरीकडं आहे.

पुढच्या तपासणीला मी तिच्याबरोबर सोलापूरला गेलो. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. म्हणाले, नवं कातडं आकसतं. ते बोटांना तळहाताकडं ओढणार. म्हणून फळी रात्रंदिवस पाहिजे, धुण्यापुरती आणि व्यायामापुरती काढायची. निदान सहा महिने. सांधे एकदा धरले की मग माझ्याही हातात काही राहत नाही. तिनं एकच विचारलं, "भाकरी थापता यील का?"

"फळी घातली तर येईल."

ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाली, "सासूचं वय झालं साहेब. तव्याम्होरं बसून तिचं डोळं गेलं. एवढं सहा म्हयनं काढते, मग तिला उठवते चुलीवरनं."

पुस्तक खपवायला पहिला कार्यक्रम बेंबळीला आमच्या विहारात ठेवला आणि तिलाही बोलावलं. माणसं आपलीच. ती फळी घालून खुर्चीवर बसली. मी बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चहा पिऊन गेले. मोजक्या प्रती खपल्या. सूत्रसंचालन करणारा माझा शिक्षक मित्र परतताना म्हणाला, "फळीमुळं काय दिसतच न्हाय राव. गाडीवरनं पडलेली बाई वाटती. लोकांना कळाय नको?"

ते माझ्या मनात बसलं. पुढच्या गावी, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात, स्टेजमागं मी तिला म्हणालो, "ताई, तेवढा वेळ फळी काढू या का?"

"डॉक्टर वरडंल."

"तासाभरानं काय होतंय?"

हे माझं वाक्य. तिनं डाव्या हातानं पट्ट्या सोडल्या. फळी मी घेतली आणि पुस्तकांच्या पिशवीत ठेवली.

सत्काराला तिच्या खांद्यावर शाल घातली आणि मुख्याध्यापकांनी सवयीनं नारळ उजव्या हातात दिला. बोटं तेव्हा नुकती वळायला लागली होती, पण पकड नव्हती. नारळ निसटला, स्टेजवरून गडगडत पुढच्या रांगेतल्या बायकांपर्यंत गेला. एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. ताई मात्र स्टेजवरून वाकून म्हणाली, "नारळ बी माज्यागत हाय, हातात टिकंना," आणि हसली. त्या दिवशी टेबलावरच्या सगळ्या प्रती गेल्या. लोक माझ्याकडून सही घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर रांग लागली होती, आणि ती गाडीची नव्हती.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला मी संयोजकांना आधीच सांगून ठेवलं की नारळ उजव्या हातातच द्या. असं मी सांगितलं. हे मी बायकोलाही कित्येक महिने सांगितलं नव्हतं.

मग आमंत्रणं येत गेली. कुठं सप्ताह, कुठं जयंती, कुठं कुणाच्या सेवानिवृत्तीचा समारंभ. रजा टाकून मी जायचो. ती तेरखेड्याहून यायची. तासाभरासाठी काढलेली फळी परतीच्या गाडीत घालणं होईना, कारण वळलेली बोटं सरळ करून बांधायची तर तिला कळ यायची आणि ती दमलेली असायची. "घरी गेल्यावर घालते," म्हणायची. मी बरं म्हणायचो. दोनदा तर फळी माझ्याच पिशवीत माझ्या घरी आली. पुढच्या कार्यक्रमापर्यंत ती गव्हाच्या पोत्यांजवळ पडून होती. मी ती रोज बघत होतो. तेरखेडा काही परदेशात नव्हतं, गाड्या माझ्याच खिडकीसमोरून सुटत होत्या. एखाद्या ड्रायव्हरच्या हाती दिली असती तरी पोचली असती.

सास्तूरच्या कार्यक्रमात एका म्हाताऱ्यानं मला अडवलं. भाषण झालं होतं, नारळ झाला होता, लोक टेबलाभोवती होते. तो काठी टेकत आला, पुस्तकाकडं बघितलंही नाही, सरळ तिच्यासमोर उभा राहिला.

"पोरी, हाताला काय बांधाय दिलं न्हाय का दवाखान्यात?"

"दिलंया बाबा. फळी हाय."

"मंग कुठं हाय?"

ती माझ्याकडं बघायला लागली. म्हातारा वळला.

"साहेब, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडं लई गाड्या आल्या. घोंगड्या, भांडी, समदं दिलं. देणाऱ्यास्नी वाईट म्हणत न्हाय. पर एकजण आला हुता, त्यानं माज्या डोक्याचं बांधलेलं फडकं सोडाय लावलं. जखम फोटूत याय पायजे म्हणून. मी सोडलं. घोंगडी पायजे हुती." मग तो तिला म्हणाला, "फळी घाल बाई," आणि निघून गेला.

आमच्या घरात लहानपणापासून एक शिकवण होती. कुणाच्या दयेवर जगायचं नाही, आणि कुणाला आपल्या दयेवर ठेवायचं नाही. वडील ते वारंवार सांगायचे. त्या दिवशी मला ते आठवायला हवं होतं. मला आठवलं एवढंच की रात्रीच्या आत परतायचं आहे आणि पुढच्या रविवारचा कार्यक्रम मोठा आहे. जीपमध्ये मी पिशवीतून फळी काढून तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. दोन बोटं उठलीच नाहीत. फळी तिनं पिशवीत परत ठेवली. मी बाहेर बघितलं.

मधल्या सगळ्या तपासण्या कार्यक्रमांमुळं हुकत गेल्या होत्या. शेवटी आम्ही सोलापूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात उलटा-सुलटा करून बघितला, बोटं एकेक करून दाबली. अंगठा आणि त्याशेजारचं बोट तेवढं हलत होतं. उरलेली तीन तळहातात रुतली होती.

"फळी घातली नाही ना?"

तिनं हात पदराखाली घेतला.

"मी एवढं सांगून? रात्रंदिवस म्हणून सांगितलं होतं. बाई, हात तुमचा आहे की माझा?"

ती माझ्याकडं क्षणभर बघून म्हणाली, "इसरले साहेब."

"सहा महिने विसरलात?"

"व्हय."

मी त्याच स्टुलावर बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी रोज शेकडो माणसांसमोर माईकवर बोलतो, त्या आठवड्यात तर चार गावांत बोललो होतो. तिथं माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन करून बघता येईल, पण सांधे धरलेत, आशा ठेवू नका. वाटी धरता येईल. तळहात सपाट होणार नाही.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "भाकरीचं काय म्हणले ओ ते? मला नीट ऐकू आलं न्हाय." तिला नीट ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "बघू, पुढच्या ऑपरेशनला." आत गप्प बसणं पहिलं खोटं, हे दुसरं.

दुसरं ऑपरेशन झालं. वाटी धरता येते.

प्रती सगळ्या संपल्या. मित्र दुसऱ्या आवृत्तीचं बोलत होता. विकत घेणाऱ्यांपैकी एकानंही मला कादंबरीतल्या बाईचं पुढं काय झालं ते विचारलं नाही. बहुतेकांनी उघडलीच नसावी. गव्हाची पोती फरशीवर आली.

त्यानंतर मी गाड्या पुकारताना अडखळू लागलो. तेरखेड्याची माणसं खिडकीशी आली की मान खाली घालायचो. तिच्या शेजारची एक बाई एकदा बोलता बोलता म्हणाली, "तिची सासू तिला लई टोचून बोलती. फळी घातली न्हाय, आळशी हाय, म्हणून. म्हातारी अजून चुलीवरच हाय न्हवं." मला वाटत होतं की नुकसान हाताचं झालं आहे. ते एवढंच नव्हतं. मी केलेलं ती रोज स्वतःच्या नावावर ऐकून घेत होती.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. नारळाचंही. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, बेंबळीच्या विहारात सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागतो.

"तिथंबी माईक लागतोय व्हय तुम्हाला?" ती म्हणाली. "जिची मागायची तिच्या दारात जावा की."

दुसऱ्या दिवशी मी साध्या गाडीनं तेरखेड्याला गेलो. तिचं घर पहिल्यांदाच बघत होतो. एवढे महिने तीच माझ्याकडं येत होती. सासू चुलीपुढं भाकरी थापत होती, डोळे चोळत. सून डाव्या हातानं पाणी घेऊन आली आणि मला बघून म्हणाली, "साहेब, पुन्यांदा कार्यक्रम हाय का? आता माजा हात बघून कोन रडनार न्हाय, लोकांस्नी सवय झाली."

सासू चुलीजवळूनच म्हणाली, "हिला कशाला नेता? हिला सादी फळी घालाय जमली न्हाय. घातली असती तर माज्या हातचा तवा सुटला असता."

"आत्या, गप बसा की," ती म्हणाली. "पावनं आल्यात."

मी खाटेवर बसलो नाही. चुलीजवळ गेलो आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसलो. सून मागं उभी होती. मी दोघींना ऐकू जाईल असं म्हणालो, "आई, तुमच्या सुनेनं आळस केला नाही. फळी मी काढायला लावली. डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं. हात दिसला की माझी पुस्तकं खपत होती, म्हणून काढायला लावली. दवाखान्यात ती 'विसरले' म्हणाली तेव्हा मी शेजारी बसलो होतो आणि गप्प राहिलो. ताई, तुमचा हात माझ्यामुळं गेला. आई, तुम्ही अजून चुलीवर आहात ते माझ्यामुळं. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही. चूक माझी आहे, तुमची नाही, एवढं सांगायला आलोय."