कापूस आणि लिंबू

कोळवण खोऱ्यात साळूबाईची ओळख दोन प्रकारची. एरवी ती कुशाबाची साळू. भाताची लावणी तिच्याइतकी सरळ कुणाची नाही आणि बांधावरून भांडायला तिच्यासारखं तोंडही कुणाचं नाही. पण नवरात्रात देवळापुढं संबळ कडाडला, की हीच साळूबाई दोन मोठ्या जांभया देते, अंबाडा सुटतो आणि तिच्या अंगात वाडीची जानाई येते. मग गावचा सरपंचसुद्धा तिच्या पाया पडून पोराला नोकरी कधी लागेल ते विचारतो. सकाळी तोच सरपंच दारात येऊन म्हणतो, "साळे, उद्या आमच्याकडं काढणीला ये." साळूबाईला त्याचं काही वाटत नाही. देवी आली की देवीचा मान, गेली की आपला विळा, हे तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच मान्य करून टाकलं होतं.

आणि ढोंग म्हणावं, तर ते तिच्यात औषधालाही नाही. ढोंग करणारी बाई आधी स्वतःचं काहीतरी साधून घेते. साळूबाईला तर अंगात आल्यावर आपण काय बोललो तेसुद्धा आठवत नाही. डाव्या खांद्याला मुंग्या येतात, एवढं तिला कळतं. पुढचं दुसऱ्यांनी सांगायचं.

याच देवीपायी तिच्या लेकीचं जुळलेलं लग्न एकदा मोडलं होतं. अपेक्षा तिची एकुलती एक मुलगी, हिंजवडीतल्या कंपनीत कामाला. पुण्याकडची माणसं पाहून गेली, मुलगी पसंत पडली, सगळं ठरल्यात जमा होतं. मग नेमकी ती माणसं जत्रेच्या दिवशी जेवायला आली आणि होणारी विहीण केस मोकळे सोडून देवळापुढं घुमताना त्यांनी पाहिली. चार दिवसांनी निरोप आला, की आईच्या अंगात येतं म्हणजे उद्या मुलीच्याही येणार, आम्हाला आपली साधी मुलगी पाहिजे. अपेक्षा आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं साळूबाईला अजून वाटतं.

आता महाळुंग्याचं स्थळ आलं होतं. मुलगा इंद्रजित, अपेक्षाच्याच कंपनीतला. दोघांचं आधीच जमलेलं होतं, मोठ्यांनी फक्त मान हलवायची होती. घरात तो आणि त्याची आई, शारदाबाई. एके काळी शेती होती, ती विकून आता उंच इमारतीत फ्लॅट. शारदाबाई वाडीवर आल्या तेव्हा इस्त्रीची साडी, बोलणं मोजून मापून आणि सगळं शुद्ध. चहा घेताना म्हणाल्या, "छान झालाय हं चहा." साळूबाईला त्या 'हं'नंच धडकी भरली. येत्या रविवारी सुपारी फुटायची होती.

त्याआधी इंद्रजितनं एक घोटाळा केला, तोही प्रेमानं. गावोगाव फिरणारी एक संगीत नाटक कंपनी महाळुंग्यात आली होती. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी भला मोठा मंडप ठोकला होता. दोन्ही घरांनी एकत्र नाटक बघावं म्हणून त्यानं तिकिटं काढून टाकली.

"आई, नाटकात नाचगाणी हायेत," निघताना अपेक्षा चपलेचा पट्टा लावत, मान वर न करता म्हणाली. "वाजवतील पण बरंच. तू राहशील ना नीट?"

"म्या काय कुकुलं बाळ हाय?" साळूबाई म्हणाली.

कुशाबा नाटकाला येणार नव्हता. म्हैस व्यायला झाली होती आणि त्याला तिच्यापुढं कुठलं नाटक गोड लागणार. तो गोठ्यातूनच म्हणाला, "कानात कापूस घाल. तुला संबळ ऐकू आला न्हाई, तर देवीला तरी कसा कळायचा?"

साळूबाईनं त्याच्याकडं रागानं पाहिलं आणि देवघरातला वातीचा कापूस उचलून बटव्यात कोंबला. बटव्यात कुंकवाची डबी होतीच.

मंडपाच्या दारात शारदाबाई भेटल्या. हिरवी साडी, घट्ट अंबाडा आणि चेहराही तसाच घट्ट. आत जाता जाता त्या एका जागी थबकल्या आणि खाली जमिनीकडं पाहत राहिल्या.

"मामी, हे आमचंच रान होतं," इंद्रजित साळूबाईला म्हणाला. "आई भात लावायची इथं."

"झालं ते जुनं," शारदाबाई म्हणाल्या. "चला आत."

खुर्च्या शेजारी शेजारी आल्या. एका टोकाला इंद्रजित, मग अपेक्षा, मग साळूबाई आणि वाटेच्या कडेला शारदाबाई. साळूबाईनं हळूच पाहिलं, तर बाईंची उजवी मूठ गच्च मिटलेली. खुर्चीच्या दांड्याला हातसुद्धा लावत नव्हत्या. आपल्या शेजारी बसायची यांना किळस येतेय की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिनं आपला पदर आवरून घेतला.

पहिला अंक मात्र झकास होता. पाटलाची पोर आणि नदीवरचा नावाडी, दोघांचं गुपचूप प्रेम. नावाडी गायचा अशा खड्या आवाजात, की साळूबाई कापसाचं विसरूनच गेली. मंचावर निळा उजेड पाडून त्यांनी नदी केली होती. पोरगी त्यात पाय सोडून बसली तेव्हा साळूबाईनं स्वतःचेही पाय उचलून घेतले. अपेक्षा हसली. कितीतरी महिन्यांनी ती आईकडं बघून हसली होती.

मध्यंतरात इंद्रजितनं बटाटेवडे आणले आणि मोठ्या उत्साहानं म्हणाला, "खरं नाटक तर आता सुरू होणार. दोघांचं लग्न लागतं आणि मग गोंधळ. खरा संबळ, पेटती मशाल. घराण्यातले गोंधळी आणलेत म्हणे कंपनीनं."

साळूबाईनं हातातला वडा खाली ठेवला. अपेक्षाचा चेहरा उतरला.

"मला जरा गरगरतंय," शारदाबाई एकदम म्हणाल्या. "निघू या का आपण?"

साळूबाईला हायसंही वाटलं आणि लागलंही. यांना आपली सोबत नको झालीय, हे तर उघडच होतं. पण उठून गेलो असतो तर अब्रू तरी वाचली असती. इंद्रजित कुठला ऐकतोय. आईला पाणी पाजून त्यानं दोघींना पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं.

दिवे गेले तसा साळूबाईनं बटव्यातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत ठासून भरला. नाटकातलं लग्न तिनं आवाजाविनाच पाहिलं. मग मंचावर चौक मांडला, मशाल पेटली आणि गोंधळ्यानं संबळाला हात घातला.

कापसाचा काही उपयोग झाला नाही. कंपनीचे भोंगे घराएवढ्या उंचीचे होते. संबळ कानातून आला नाही, तो पायांतून आला. तळव्यांतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत आणि मग डाव्या खांद्याला ओळखीच्या मुंग्या. साळूबाईनं खुर्चीचे दांडे दोन्ही हातांनी धरले, डोळे मिटले आणि ती मनातल्या मनात जानाईशी बोलायला लागली. माझे आये, आज नको गं. नवरात्रात ये, जत्रंला ये, अमुशाला ये, म्या कवा न्हाई म्हनलंय का? पर आज माझ्या लेकीची गाठ बांधायची हाय. आज येवडं दुसरीकडं जा.

आणि तेवढ्यात शेजारून जांभई आली.

जांभई कानानं ऐकावी लागत नाही, ती शेजारच्या अंगाला कळते. पाठोपाठ दुसरी आली. साळूबाईनं डोळे उघडून पाहिलं, तर शारदाबाईंचा तो घट्ट अंबाडा सुटून पाठीवर आला होता. मान गोल फिरत होती. मिटलेली मूठ उघडली आणि एक लिंबू घरंगळत साळूबाईच्या पायाशी आलं.

साळूबाई क्षणभर लिंबाकडं बघतच राहिली. मग तिला सगळं कळलं. किळस नव्हती, मिजास नव्हती. बाई नुसती भ्यायली होती. घरून लिंबू मुठीत धरून आली होती, देवीनं येऊ नये म्हणून.

शारदाबाई हुंकार देत उठल्या आणि मधल्या वाटेवर घुमायला लागल्या. लोकांनी माना वळवल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नाटकवाले मधूनमधून लोकांतून ये-जा करतच होते, त्यामुळं हीसुद्धा कंपनीचीच बाई, असा सगळ्यांचा समज. मोबाइल वर आले. एक जण म्हणाला, काय अभिनय आहे. इंद्रजित दगडासारखा बसून होता. पण मशाल घेऊन उतरलेला गोंधळी अस्सल होता. त्यानं एका नजरेत ओळखलं, संबळवाल्याला हातानं ठेका धीमा करायला सांगितला आणि उदो उदो म्हणत जागा मोकळी करून दिली.

साळूबाईच्या खांद्याच्या मुंग्या विरल्या होत्या. आता तिला कसली भीती आणि कसली लाज. तिनं कानातला एक बोळा ओढून काढला, पाण्याची बाटली घेतली आणि वाटेवर जाऊन शारदाबाईंच्या पायांवर पाणी घातलं. बटव्यातल्या कुंकवानं त्यांचा मळवट भरला. एक हात पाठीशी धरला, खुर्चीचा लोखंडी कोपरा लागू नये म्हणून.

"बोल, आये," ती म्हणाली. "कोन तू? काय पायजे?"

"जानाई म्या," शारदाबाईंच्या तोंडून भरडा आवाज आला. "हितं माझं ठाणं व्हतं. या रानात. माझा दिवा कुटं हाय?"

"लावू, आये. दोनी घरं मिळून लावू. लगीन लागायच्या आदी जोडीनं येऊन लावतील."

"शब्द दे."

"दिला," साळूबाई म्हणाली.

शारदाबाईंचं अंग ढिलं पडलं. साळूबाईनं त्यांना सावरून खुर्चीत बसवलं आणि गोंधळ्यानं मशाल उंच करून पुढचं गाणं उचललं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नाटक पुढं संपलं, नावाडी आणि पाटलाची पोर सुखानं नांदायला लागली, पण ते या चौघांपैकी कुणी धड पाहिलं नाही.

मंडपामागं पाण्याची टाकी होती. तिथं शारदाबाई तोंड धुऊन केस बांधत बसल्या होत्या. इस्त्रीची साडी चुरगळली होती आणि इस्त्रीचं बोलणंही कुठं तरी पडलं होतं.

"लई वर्सांनी आली," त्या म्हणाल्या. "रान इकलं, बिल्डरनं ठाणं गेटपाशी नेलं, तवापासनं आलीच न्हवती. वाटायचं, रुसली. आन् आली तर सोसायटीत तोंड कसं दावू, ह्याचं बी भ्या वाटायचं. इंद्रजितनं गोंधळाचं सांगितलं तसा जीव थाऱ्यावर न्हवता. म्हनलं, तुमी काय म्हनाल, कसल्या घरात पोर देतोय आपन."

साळूबाईनं दुसऱ्या कानातला कापूस काढून त्यांच्यापुढं धरला.

शारदाबाईंनी कापसाकडं पाहिलं, मग साळूबाईकडं. "तुमाला बी?"

"दर नवरात्राला," साळूबाई म्हणाली. "त्याच्यापायी एक सोयरीक मोडली आमची."

आधी शारदाबाई हसल्या, मग साळूबाई. हसता हसता दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अपेक्षा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून सरळ रडलीच. एवढे महिने धरून ठेवलेलं ते रडं होतं आणि साळूबाईला ते ऐकून फार मोकळं वाटलं. इंद्रजित तिघींकडं आळीपाळीनं बघत उभा होता. "म्हणजे आमच्या घरात हे होतं, आणि मला माहीतच नाही?" तो म्हणाला.

"आता म्हाईत झालं," त्याची आई म्हणाली.

मग साळूबाईला एकदम आठवलं आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "शारदाताई, तुमच्या आंगात असताना म्या एक शब्द देऊन बसले. दोनी घरं मिळून दिवा लावू, लगीन लागायच्या आदी, जोडीनं. सुपारी फुटायच्या आदीच बोलले. तुमच्यावर जबरी झाली."

शारदाबाईंनी अंबाड्यात शेवटचा आकडा खोवला. "देवीला दिलेला शब्द मोडायची माझी काय छाती हाय? रविवारची सुपारी म्हंजी आता निसतं चहापाणी. आन् लग्नाच्या गोंधळाला आपन दोगी शेजारी बसायचं, विहीणबाई. जिच्या येईल तिच्या येईल."

विहीणबाई हा शब्द साळूबाईनं कान मोकळे ठेवून ऐकला.

जीपनं वाडीवर पोचल्या तेव्हा कुशाबा अंगणातच होता. म्हैस अजून व्याली नव्हती.

"आली का देवी?" त्यानं आधी तेच विचारलं.

"आली."

कुशाबाचं तोंड उतरलं. तो ओट्यावर टेकला. "मंग मोडलं म्हन की."

"माझ्या न्हाई आली. शेजारच्या खुर्चीत आली. तुमच्या इहिणीच्या."

कुशाबाला ते समजायला थोडा वेळ लागला. मग तो एवढ्या मोठ्यानं हसला, की गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. अपेक्षा आत चहा ठेवायला गेली आणि चहा ठेवता ठेवता नावाड्याचं गाणं गुणगुणायला लागली.

साळूबाईनं हातपाय धुतले. कानातले बोळे चुलीत टाकले, बटव्यातला उरलेला कोरा कापूस पाटावर घेतला आणि महाळुंग्याच्या दिव्यासाठी वात वळायला बसली.