हिरवा चौकोन, लाल चौकोन

किस्से साठवायला वेगळी जागा लागत नाही. चहाला चार जण जमले की एकेक निघतोच. आमच्या महापेच्या ऑफिसातले तर इतके झालेत की कुठून सुरुवात करू हाच प्रश्न! पूर्वी सांगताना मी पोट धरून हसायचे. हल्ली सांगते आणि मधेच लाज वाटायला लागते. तरी सांगते, कारण पोटात राहत नाहीत.

*

इंटरव्ह्यूत दळवी सर म्हणाले होते, "ड्रोनने काढलेले फोटो बघायचे. शेतीचा सर्व्हे आहे."

पहिल्याच दिवशी आमची वैशाली गोंधळली. ती साताऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. फोटोत सगळी वाळू, पडकी घरं आणि माणसं. प्रत्येक माणसाभोवती माऊसने चौकोन काढायचा. साधा माणूस हिरवा, हत्यारवाला लाल. असे हजारो चौकोन बघून मशीन शिकणार आणि पुढे स्वतःच माणसं ओळखणार.

वैशाली म्हणाली, "सर, ह्या शेतात पीक कुठाय? सगळी माणसंच उगवलीत की!"

सर शांतपणे म्हणाले, "सध्या ऑफ सीझन आहे!"

आम्ही हसलो आणि कामाला लागलो. त्यानंतर कुणी पिकाचं नाव काढलं नाही.

*

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'माहीत नाही' असं बटणच नव्हतं. वरून माणूस मुंगीएवढा दिसतो. हातात काय आहे, काठी की बंदूक, कसं कळणार? मी सरांना विचारलं.

"मॅडम, क्लायंटला 'माहीत नाही' नको असतं. लाल सुटला तर तुमचे पॉइंट कटणार. चुकून लाल झाला तर काही नाही."

मग काय, अडलेले फोटो चहाच्या वेळी मतदानाला यायचे. हात वर करून फैसला! त्यातही वेळ जातो म्हणून म्हात्रेने एक नियमच करून टाकला. म्हात्रे इथल्याच खाडीकाठच्या गावचा, आमच्यातला सगळ्यात फास्ट. तो ओरडायचा, "खांद्यावर लांब? नको जास्त थांब!" की सगळे लाल करून मोकळे. दर शुक्रवारी त्याचाच पहिला नंबर आणि त्याच्याच नावाचा केक.

एकदा वैशालीने विचारलं, "लाल चौकोनाचं पुढं काय होतं, सर?"

"पुढचं काय ते ड्रोन बघतो," सर म्हणाले आणि केक कापायला घेतला. मीही खाल्ला. दोन पीस.

*

मधे सायबर सिक्युरिटीचं ट्रेनिंग झालं. आदल्या आठवड्यात सगळ्यांना मेल आला होता, 'लकी विजेत्यांना हापूसची पेटी, वाशी मार्केटमधून घरपोच. इथे क्लिक करा.' अख्ख्या ऑफिसने क्लिक केलं, पासवर्डही दिला. दळवी सरांनी तर वर तक्रारीचा मेल पाठवला की पेटी अजून आली नाही!

तो मेल ट्रेनिंगवाल्यानेच पाठवलेला होता. तो म्हणाला, "अतिरेक्याला तुमच्याकडे शिरायला बंदूक नको, आंबा पुरे!" मग गंभीर होऊन त्याने विचारलं, "आत शिरून कुणी तुमचे हिरवे चौकोन लाल केले, तर तुम्हाला कळेल का?"

वैशाली हळूच म्हणाली, "आमचे आम्हालाच कळत नाहीत."

सरांनी पासवर्ड बदलायला लावला.

*

सीमेवर तणाव होता तेव्हा आमच्या सोसायटीत माझा सत्कार झाला. आईने कुणाला तरी सांगितलं होतं की पोरगी ड्रोनच्या कामात आहे. सेक्रेटरी काका माइकवर म्हणाले, "आपल्या सोसायटीची रणरागिणी!" शाल, नारळ, फोटो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "कुठल्या सीमेवर लक्ष असतं गं तुझं?"

मला देशच माहीत नव्हता! फोटो कुठले, लढाई कुणाची, क्लायंट कुठल्या बाजूचा, काही म्हणजे काही नाही. विचारायचं नाही असं करारातच होतं. मी म्हणाले, "आजोबा, ते गुप्त असतं."

टाळ्या आणखी वाढल्या. ती शाल मी अजून पिशवीतून बाहेर काढलेली नाही.

*

आणि मग म्हात्रेच्या बहिणीची हळद. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव आणि अख्खं ऑफिस! शूटिंगला ड्रोन होता. सोमवारी म्हात्रे त्याची क्लिप घेऊन आला, तेव्हा वैशाली म्हणाली, "चला, आपल्या मशीनची परीक्षा घेऊ!"

क्लिप मशीनला दिली. धमाल! डोक्यावर ग्लास ठेवून नाचणारे दळवी सर, हिरवे. वैशाली हिरवी. कोपऱ्यात वडे हाणणारी मी, हिरवी. नवरी, करवल्या, बॅन्जोवाले, सगळे पटापट हिरवे होत गेले.

"एकही चूक नाही!" सर खूश झाले.

तेवढ्यात म्हात्रेचे वडील, आम्हा सगळ्यांचे काका, आले. उरलेले वडे पोराच्या दोस्तांना द्यायला ते डबा घेऊन आले होते. कुणी उठायच्या आत ते आमच्या खुर्च्यांमागे उभं राहून कौतुकाने बघायला लागले.

स्क्रीनवर खाडीकडून एक माणूस मांडवाकडे येत होता. होडी बांधली तरी वल्हं खांद्यावर टाकून घरी आणायचं, ही काकांची रोजची सवय. लेकीच्या हळदीलाही ती चुकली नव्हती.

चौकोन लाल झाला. काका चालतील तसा तो त्यांच्यासोबत चालत होता. गर्दीत शिरले, तिथेही तो त्यांना सोडेना.

म्हात्रेचा हात माऊसवर तसाच राहिला. दळवी सर खाली बघायला लागले.

काकांनी डबा टेबलावर ठेवला, चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"बाला, समद्यांना हिरवा, आन् मना यकट्यालाच लाल का रं?"